आषाढातल्या रात्री आठ वाजता

गेल्या महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सभागृहात दुर्गम पाड्यांच्या विजेवरची चर्चा ऐकायला गेलो होतो. व्यासपीठावर दोघं होते. एक वीज मंडळात हयात घालवून निवृत्त झालेले अभियंते, दुसरा कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून खेडोपाडी सोलर बसवत फिरणारा तिशीतला तरुण. अभियंत्यांचं म्हणणं, खांब आणि तारा हीच खरी वीज, बाकी सगळी खेळणी. तरुणाचं म्हणणं, तारा ओढायचे दिवस गेले. मोबाइल आला आणि लँडलाइन संपली, तसंच सोलरपुढे ग्रिडचं, म्हणजे देशभर तारांनी जोडलेल्या वीजजाळ्याचं होणार. दीड तास वाद रंगला. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या. आणि एवढ्या वेळात शहापूर-मुरबाडच्या डोंगरात आषाढातल्या रात्री आठ वाजता नेमकं काय पेटणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला तो प्रश्न घरी येताना रिक्षात सुचला.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. दुर्गम वस्तीला एकाच स्रोतावर टांगून ठेवणं ही मूळ चूक आहे, मग तो स्रोत सूर्य असो की रानातून येणारी एकुलती एक तार. ऊन, ओहोळ, जिथे खरोखर असेल तिथे वारा, बेताची बॅटरी, आणि ग्रिड पोहोचलं तर तेही, अशी जागा बघून मोट बांधली तरच ती वीज बारा महिने टिकते. यात नवं काहीच नाही. ठाण्यात मी पंख्याचं बटण दाबतो तेव्हा चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचं पाणी, उरणचा वायू, तारापूरची अणुभट्टी, साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या या सगळ्यांचा मिळून तो पंखा फिरतो. शहर कधीच एका स्रोतावर जगलेलं नाही. मग साठ घरांच्या पाड्याने, तेही सह्याद्रीच्या पावसात, केवळ सूर्यावर जगून दाखवावं ही अपेक्षा कुठून आली?

आपल्या आठवणी किती तोकड्या असतात बघा. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद पडली; लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि करोनाचे दिवस असल्याने रुग्णालयांची धावपळ उडाली. बिघाडाचं केंद्र आपल्या अंगणातच होतं, कळवा आणि पडघे यांच्या दरम्यानच्या उच्च दाबाच्या वाहिन्यांवर. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईने आपोआप वेगळं होऊन स्वतःच्या विजेवर तग धरावा अशी व्यवस्था कागदावर होती, ती त्या दिवशी चालली नाही. मग शहर परत उभं करायला घाटातली जलविद्युत केंद्रं आणि ट्रॉम्बेचे संच कामी आले. म्हणजे संकटात आपण काय शोधलं? जवळचा, वेगळ्या जातीचा दुसरा स्रोत. त्याच्याही आधी, भारनियमनाच्या वर्षांत, ठाण्यातल्या कितीतरी घरांत इन्व्हर्टर आला होता. आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली डिझेल जनरेटर होता. वर्गणी काढून घेतला होता आणि लिफ्टपेक्षा जास्त भांडणं त्याच्यावरून व्हायची. ग्रिड, बॅटरी आणि डिझेल: ही संमिश्र ऊर्जाच होती. फक्त तिला कुणी तसं म्हणत नव्हतं.

आता पाड्यावर येऊ. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. माझा एक विद्यार्थी शहापूर तालुक्यात शिक्षक आहे, त्याच्याबरोबर गेली तीन वर्षं एका पाड्यावर जाणं होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कातकरी आणि ठाकूर मिळून साठेक घरं, डांबरी रस्त्यापासून पाऊण तासाची चढण. कुठल्याशा योजनेतून आलेल्या सोलरच्या पाट्या काही छपरांवर अजून आहेत. खाली बॅटरीची खोकी आहेत, मात्र त्यांत बॅटरी नाही. एका घरात त्या खोक्यात कोंबडीने अंडी घातली होती. घरच्या मावशींना विचारलं, दिवा कधी बंद पडला? त्या म्हणाल्या, "पावसात त्यालाच ऊन मिळत नाय सर, तर आम्हाला काय उजेड देल?" माझं अर्धं भाषण त्या एका वाक्यात संपलं.

कारण या पाड्याचं वर्ष आपल्या वर्षासारखं नसतं. दिवाळी झाली, भात झोडून झालं की निम्म्याहून जास्त कातकरी घरांना कुलूप लागतं. माणसं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, तिथेच झोपडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या महिन्यांत छपरावरची पाटी उत्तम चालते त्या महिन्यांत खाली माणूसच नाही. आणि भाताच्या आवणीच्या दिवसांत, जेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं, पोरं शाळेत असतात, साप-विंचू घरात शिरतात आणि लसी-औषधं थंड ठेवायला जवळच्या आरोग्य केंद्राला चालू फ्रिज लागतो, तेव्हा ढगांनी आभाळ कोंदलेलं असतं. कोकणपट्टीत जुलैमध्ये सौरपॅनेलचं उत्पन्न उन्हाळ्याच्या साधारण निम्म्यावर येतं. ही महिन्याची सरासरी झाली. झडीचे चार-पाच दिवस सलग आले तर पहिल्या दोन दिवसांतच बॅटरी बसते. "भारतात वर्षाला तीनशे दिवस ऊन असतं" हे वाक्य त्या तरुणाने चर्चेत दोनदा म्हटलं. उरलेले पासष्ट दिवस कोणते, हे त्याला मावशींनी सांगितलं असतं.

पण त्याच पासष्ट दिवसांत पाड्यामागचा ओहोळ फुगलेला असतो. त्याचा हिशेब बारावीचा मुलगाही करू शकतो. सेकंदाला वीस लिटर पाणी तीस मीटर खाली पाइपातून सोडलं, तर वीस गुणिले तीस गुणिले ९.८, म्हणजे ५८८० वॅट. टर्बाइन, जनित्र, पाइपातलं घर्षण यांत चाळीस टक्के गेले असं धरा. साडेतीन किलोवॅट हातात उरतात. आकडा फुटकळ वाटतो, आमच्या बिल्डिंगमधल्या दोन गीझरांएवढा. पण पाणी रात्रीही वाहतं. चोवीस तासांचे ८४ युनिट झाले. एक किलोवॅट सौरपॅनेल चांगल्या दिवशी चार युनिट देतं, म्हणजे या पिटुकल्या टर्बाइनची बरोबरी करायला एकवीस किलोवॅटच्या पाट्या हव्यात, आणि जुलैत त्याच्या दुप्पट. दिवे, पंखा, मोबाइल, टीव्ही धरून घरामागे दिवसाला एक युनिट लागलं तर साठ घरं भागून वर चोवीस युनिट शिल्लक राहतात. जानेवारीत हाच ओहोळ दगडांखाली जातो, पण तेव्हा ऊन खणखणीत असतं. एकाची ओहोटी ती दुसऱ्याची भरती, हे इथल्या ऋतुचक्रानेच ठरवून दिलं आहे. शिवाय बॅटरी लहान पुरते. हा फायदा मोठा आहे, कारण सोलर योजना मरतात त्या पाटीमुळे नव्हे, बॅटरीमुळे. पाटी पंचवीस वर्षं चालते. साधी लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत जाते, आणि तोवर फोटो काढून गेलेले पाहुणे परतलेले नसतात.

इथे अभियंत्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा मांडायला हवा, आणि तो मी मान्य करतो. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातलं धरणई आठवा. २०१४ साली एका नामवंत पर्यावरण संस्थेने तिथे शंभर किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं छोटं वीजजाळं उभारलं, देशभर कौतुक झालं. माजी मुख्यमंत्री भेटीला आले तेव्हा गावकऱ्यांनी मागितली "असली बिजली". लोकांना फ्रिज हवा होता, गिरणी हवी होती, आणि संस्थेचे लोक सांगत होते की जास्त वॅटची उपकरणं लावू नका. पुढे ग्रिडची स्वस्त वीज आली, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि काही वर्षांत त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली. याच्या उलट चित्र आपल्या समोरच्या खाडीत आहे. नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या घारापुरीत स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं ग्रिडची वीज नव्हती; संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा, एवढंच. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिन्ही वस्त्यांना वीज मिळाली, आणि लोकांनी ती सणासारखी साजरी केली. हे बघून कोण म्हणेल की तार नको? तुमच्या मुलुंडला ग्रिड आणि आमच्या डोंगराला चार दिव्यांचा संच, हा भेद लोकांना कळतो. त्यांना दुय्यम दर्जाची वीज गोड बोलून गळ्यात मारणं हा अपमान आहे.

मान्य. पण धरणईतून नेमकं काय सिद्ध होतं? तिथे स्रोत एक होता, क्षमता तुटपुंजी होती, बॅटरी बदलायला पैसा नव्हता, आणि ग्रिड आलं त्या दिवशी दोघांची गाठ घालून द्यायची सोय नव्हती. या चार चुकांना एकच नाव देऊन "स्थानिक वीज फसते" असा निष्कर्ष काढणं म्हणजे पूल कोसळला म्हणून नदी ओलांडणंच चूक ठरवण्यासारखं आहे. नेपाळमध्ये नुवाकोट जिल्ह्यातल्या एका गावाचा २३ किलोवॅटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प गावात राष्ट्रीय ग्रिड आल्यावर भंगारात गेला नाही. २०१८ मध्ये तो ग्रिडला जोडला गेला आणि गाव वीज विकू लागलं. आपल्याकडेही कायद्याची दारं बंद नाहीत. २००३ च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटणाऱ्याला परवान्याच्या कटकटीतून मोकळं केलं. २०१६ च्या केंद्राच्या दर धोरणात तर स्पष्ट म्हटलं आहे की ग्रिड पोहोचल्यावर अशा स्थानिक प्रकल्पांची वीज ग्रिडने विकत घ्यावी. अट एकच, की सुरुवातीपासून तारांची जाडी, मीटर, दाब हे सगळं ग्रिडच्या मापाचं बसवायला हवं. पुढे जोडायचंच आहे हे मनात धरून बांधलेलं छोटं ग्रिड ही तारेची आगाऊ तयारी असते. अभियंत्यांनी तिचा राग का करावा?

शिवाय तार पोहोचली म्हणजे वीज पोहोचली, हे तरी कुठे खरं आहे? २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांगला वीज मिळाली आणि देशातलं प्रत्येक गाव उजळल्याचं जाहीर झालं. त्या हिशेबात दहा टक्के घरांत जोडणी आणि शाळा-पंचायतीसारख्या जागी वीज असली की गाव विद्युतीकृत धरलं जात होतं, आणि गणती महसुली, म्हणजे सरकारी दप्तरात स्वतंत्र नोंद असलेल्या गावांची होती. पाडा म्हणजे महसुली गाव नव्हे. तो गावाच्या नावात विरघळून जातो. पुढे घरोघर जोडणीची सौभाग्य योजना आली, तिने पुष्कळ काम केलं, हे नाकारायचं कारण नाही. पण जंगलातून आलेल्या एकेरी तारेवर जूनच्या पहिल्या वादळात ऐनाचं झाड पडतं, ट्रान्सफॉर्मरचा डीपी जळतो, आणि वायरमन चढण चढून येईपर्यंत आठवडा जातो, हे ज्याने पाहिलंय त्याला आषाढात तारेचाही भरवसा वाटत नाही. त्या वायरमनला मी दोष देत नाही. त्याच्याकडे अशा पंधरा वाड्या असतात.

त्या तरुणाची मोबाइलची उपमा मात्र मला फार खटकली. लोकांना वाटतं मोबाइल तारांशिवाय चालतो. टॉवरच्या पायथ्याशी कधी जाऊन बघा: ग्रिडची जोडणी, बॅटऱ्यांची कपाटं, डिझेलचा जनरेटर, कुठे कुठे वर सोलर, आणि जमिनीतून गेलेली फायबर. मोबाइल जिंकला तो याच जोडगोळीवर. उत्साही मंडळी परदेशातलं स्पेनचं एल हिएरो बेटही दाखवतात. तिथे २०१४ पासून साडेअकरा मेगावॅटच्या पवनचक्क्या वारा असेल तेव्हा डोंगरावरच्या तलावात पाणी चढवतात, वारा पडला की तेच पाणी खाली सोडून वीज होते. २०१९ च्या उन्हाळ्यात बेट सलग चोवीस दिवस डिझेलशिवाय चाललं. सुंदर काम आहे. पण त्या बेटाने जुनं डिझेल केंद्र मोडून टाकलेलं नाही, ही गोष्ट स्लाइडवर नसते.

वाऱ्याबद्दल मी स्वतः साशंक आहे. वेग निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश होते, आणि आपले बहुतेक पाडे डोंगराच्या कुशीत, वाऱ्याच्या आडोशाला वसलेले. माळशेजच्या कड्यावर टोपी उडते म्हणून खालच्या वाडीत पवनचक्की फिरेल असं नाही. वर्षभर वारा मोजल्याशिवाय तिच्या फंदात पडू नये. गोबरगॅसचं तसंच. पाड्यावर गुरं उरलीत किती? आहे तो गॅस चुलीला जाऊ दे.

राहिला देखभालीचा आक्षेप, जो मला खरोखर झोपू देत नाही. एक यंत्र सांभाळता येत नाही तिथे तीन कोण सांभाळणार? ओहोळाच्या जाळीत रोज पाला अडकतो, पुरात दगड येऊन पाइप फोडतो. याला उत्तर तंत्रज्ञानात नाही, पगारात आहे. पाण्याच्या पंपाला पाणीवाला असतो, त्याला ग्रामपंचायत मानधन देते. तसा वीजवाला हवा, पाड्यातलाच, महिन्याच्या महिन्याला पैसे मिळणारा. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये साधारण साडेनऊ किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड उभं राहिलं, चाळीसेक घरांसाठी. तिथे घरोघर मीटर बसले आणि गावाच्याच संस्थेने वसुली हाती घेतली. फुकट दिलेल्या यंत्राला धनी नसतो. पण इथे लगेच दुसरा काटा टोचतो: पाड्याने युनिटमागे ठाणेकरापेक्षा जास्त का भरावं? भरू नयेच. ग्रिडवरच्या गरीब ग्राहकाचा दर इतरांच्या बिलातून सवलतीचा केला जातो, मग ग्रिडबाहेरच्या गरिबाला त्याच सवलतीतून का वगळायचं? दर तोच, फरक सरकारने भरावा, आणि वीजवाल्याचा पगार त्यातून जावा.

पैसा नाही असंही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींच्या वीज नसलेल्या घरांसाठी ०.३ किलोवॅटच्या सौरसंचाची तरतूद झाली, घरामागे पन्नास हजारांपर्यंत. ठाकूर त्या यादीत नाहीत, पण साठही घरांना तेवढंच मिळालं असं धरलं तर तीस लाख होतात आणि अठरा किलोवॅट. हे अठरा किलोवॅट साठ छपरांवर सुटे ठेवले तर साठ घरांत दिवे लागतील, पहिल्या आषाढापर्यंत. एकत्र करून ओहोळाशी जोडले तर गिरणी चालेल. आणि पाड्यावरच्या बायांना विचारा, त्या दिव्याआधी गिरणी मागतात. डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेऊन दळणासाठी दीड तास जायचं आणि गेल्यावर लाइट नाही म्हणून परत यायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना तीन हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे काय ते कळतं. ती मोटर दुपारी, उन्हाच्या किंवा ओहोळाच्या जोरावर चालवायची, रात्री नाही. इतकी शिस्त लोक पाळतात. नळाला पाणी सकाळी तासभर येतं हे आपणही पाळतोच की.

"वनखातं परवानगी देत नाही" हे पालुपद चर्चेत दोन्ही वक्त्यांनी आळवलं. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचावं. वीजवाहिन्या, लहान पाणीसाठे अशा गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंच्याहत्तरपर्यंत झाडं तोडावी लागली तरी, ग्रामसभेच्या शिफारशीवर वळवता येते. अडचणी आहेत, दार बंद नाही.

आणि डोंगरातल्या पावसापासून वीज करणं हे काही कुणी परवा शोधलेलं नाही. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं केंद्र सुरू झालं. लोणावळा-वळवण भागात चार महिन्यांचा पाऊस तलावांत अडवायचा, पाचशे मीटरहून जास्त खाली सोडायचा आणि बारा महिने मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. पाऊस लहरी आहे म्हणून त्या अभियंत्यांनी हात टेकले नाहीत, साठवण बांधली. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि वीज मुंबईला गेली. ठाणे जिल्ह्यात तानसा १८९२ चं. नंतर मोडकसागर, भातसा. भातसाच्या पायथ्याला १५ मेगावॅटचं वीजकेंद्रही आहे. मुंबईचं पाणी शहापूर तालुक्यातून जातं आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. शंभर वर्षं डोंगराच्या पाण्याची वीज खाली उतरत आली आहे. त्यातली साडेतीन किलोवॅट वरच राहू द्या म्हटलं, तर आपण व्यवहार्यता अहवाल मागतो.

अहवालच हवा असेल तर त्याची सुरुवात फार साधी आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही शाळेतली सहा पोरं घेऊन ओहोळावर गेलो. दहा मीटरचा सरळ पट्टा दोरीने मापला, रुंदी अर्धा मीटर, खोली वीतभरापेक्षा कमी, दहा सेंटीमीटर. नारळाची करवंटी सोडली आणि माझ्या मोबाइलवर वेळ लावली. वीस सेकंद. तळाच्या घर्षणाचे वीस टक्के वजा करून सेकंदाला वीस लिटर. पोरांनी तो आकडा वहीत लिहिला, खाली तारीख घातली. कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा मोजलं तेव्हा बारा भरले. एका मुलीने तिथल्या तिथे गुणाकार केला आणि म्हणाली, सर, म्हणजे दोन किलोवॅट आणि वर शंभर. पुढचं मोजमाप संक्रांतीला केलं असतं, पण तोवर सहापैकी चार पोरं वीटभट्टीवर गेली होती. वही सध्या त्या दोघांकडे आहे.